शरणपूरच्या आफ्रिकी मुलांची माती आम्ही कधी ओळखणार?

नाशिक महानगरपालिकेचे मुख्यालय ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचे नाव शरणपूर रोड. घरपट्टी भरायला, जन्म-मृत्यूचा दाखला काढायला, बांधकामाची परवानगी घ्यायला, मोर्चा घेऊन निवेदन द्यायला नाशिककर रोज याच रस्त्याने जातो. आम्हीही गेली वीस वर्षे काळा कोट घालून जातो. पण शरणपूर हे नाव कुणाला शरण देण्यावरून पडले, कोण शरण आले होते, असे विचारले तर शंभरातले नव्याण्णव जण मान हलवतील. त्यात आमचाही नंबर बरीच वर्षे होता, हे कबूल करायला आम्हाला लाज नाही. आम्ही बौद्ध. शरण हा शब्द त्रिशरणाच्या रूपाने रोज आमच्या तोंडी येतो आणि तरीही आमच्याच शहरातल्या शरणपुराकडे आम्ही कधी वळून पाहिले नाही!

१८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिक गावाबाहेर ही वस्ती वसवली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना गावाने वाळीत टाकले की त्यांना राहायला जागा, हाताला काम आणि मुलांना शाळा मिळावी हा तिचा हेतू होता. पुढे या वस्तीत आणखी एक माणूस आला, जो ना नाशिकचा होता ना हिंदुस्थानचा. तो आफ्रिकी होता. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून पळवून आणलेली, साखळदंडात बांधून किनाऱ्यावर हाकलेली, झांझिबारच्या बाजारात विकलेली आणि अरबी गलबतांत कोंबून अरबस्तान, इराणकडे नेली जाणारी माणसे ब्रिटिश आरमार अधूनमधून समुद्रात पकडलेल्या गलबतांतून सोडवत असे. त्यांत लहान मुले पुष्कळ असत. ही मुले मुंबई बंदरात उतरवली जात. त्यांतली काही शरणपूरच्या 'आफ्रिकन असायलम'मध्ये पाठवली गेली. तेथे त्यांना अक्षर शिकवले, सुतारकाम, लोहारकाम शिकवले आणि नवी नावे दिली. याओ जमातीचा चेंगविम्बे हा मुलगा नाशिकात मॅथ्यू वेलिंग्टन झाला. आणखी एक याओ मुलगा जेकब वेनराइट झाला. पुढे जगाने या मुलांना 'नासिक बॉइज' म्हटले, 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हटले. नाशिकचे नाव ज्यांनी जगाच्या नकाशावर नेले त्यांची नाशिकला मात्र ओळख नाही.

कुणाला वाटेल की आम्ही मिशनऱ्यांची आणि साहेबाची आरती ओवाळायला बसलो आहोत. तसे काही नाही. ज्या साम्राज्याने शेकडो वर्षे अटलांटिक महासागरात लाखो आफ्रिकी माणसे जनावरांसारखी वाहून नेली त्याच साम्राज्याचे आरमार नंतर हिंदी महासागरात गुलामांची गलबते अडवत होते. १८३३ च्या ब्रिटिश गुलामगिरीबंदीच्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. हिंदुस्थानातल्या न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानू नये असा कायदा व्हायला १८४३ साल उजाडावे लागले. आणि आपले लोक काय धुतल्या तांदळाचे होते? झांझिबारच्या व्यापारात कच्छ-गुजरातच्या सावकारांचे भांडवल गुंतलेले होते. पेशवाईत बटकी आणि कुणबिणी यांची खरेदी-विक्री होत होती, हे पेशवे दफ्तराचे कागदच सांगतात. त्या बायका शनिवारवाड्याच्या इतिहासात कुठे आहेत? गुलामगिरी ही गोऱ्यांची गोष्ट, ती अमेरिकेत घडली, असे आपल्याला शाळेत शिकवले गेले. ते शिकवणाऱ्यांची सोय त्यात होती.

जेकब वेनराइटची हकीकत प्रत्येक नाशिककराने आपल्या मुलांना सांगावी अशी आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी १८६६ मध्ये आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकच्या शाळेतले नऊ तरुण होते. १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी आणखी काही नाशिककर तरुण गेले, त्यांत जेकब होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता. १ मे १८७३ च्या पहाटे आजच्या झांबियातल्या चितांबो या गावी लिव्हिंग्स्टन मेला. बरोबरच्या आफ्रिकी माणसांना कुणाचाही हुकूम नव्हता. प्रेत तिथेच पुरून आपापल्या वाटेने गेले असते तर त्यांना कुणी जाब विचारला नसता. त्यांनी काळीज काढून एका झाडाखाली पुरले, प्रेतात मीठ भरले, ते उन्हात वाळवले, सालीत आणि कापडात गुंडाळले आणि दीड हजार किलोमीटरहून अधिक वाट तुडवत, रोगराई आणि शत्रुत्व सोसत, नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकाठच्या बागामोयोला पोहोचवले. काळीज पुरताना ख्रिस्ती प्रार्थना वाचली ती जेकबने. झाडाच्या खोडावर लिव्हिंग्स्टनचे नाव आणि तारीख कोरली ती जेकबने. त्याच खोडावर त्याने काही आफ्रिकी साथीदारांची नावेही कोरली. ते खोड आज लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत जपून ठेवले आहे. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनला पुरले तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. नाशिकच्या शाळेत अक्षर गिरवलेला, एकेकाळी गुलामांच्या गलबतात कोंबलेला एक काळा तरुण इंग्लंडच्या राजे-राण्यांच्या समाध्यांमध्ये उभा होता.

साल ध्यानात घ्या. १८७३. याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतल्या हबशी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यातला माळी समाजातला एक विचारवंत अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीकडे पाहून शूद्रातिशूद्रांची मुक्ती शोधत होता आणि पुण्यापासून पाच-सहा दिवसांच्या चालीवर शरणपुरात आफ्रिकेचे सुटका झालेले गुलाम लोहाराच्या भात्यावर बसत होते. दोघांची गाठ पडली असती तर काय झाले असते, असा विचार आमच्या मनात येतो. पण इतिहासात 'असते' ला जागा नाही. १८७३ मध्येच झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद करणारा तह झाला. त्यासाठी तिकडे पाठवला गेलेला माणूस मुंबईचा माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर. त्याच्याच नावाने मोम्बासाजवळ फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली, तिच्यासाठी प्राइस स्वतः गेला आणि १८७४-७५ च्या सुमारास शरणपूरची शंभराहून अधिक आफ्रिकी माणसे आफ्रिकेत परत गेली. तिथे ती शिक्षक, दुभाषे, सुतार, धर्मोपदेशक झाली. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोम्बासात जगला. फ्रिअरटाउनच्या घंटेचा मनोरा आजही उभा आहे. त्या भागाला स्वाहिलीत केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. तिथल्या लोकांनी घंटा जपली, आपण इथे काय जपले?

कारण सगळेच मोम्बासाला गेले नाहीत. गलबताच्या तळात दिवसेंदिवस उपाशी, तहानलेली पडलेली मुले सुटका झाल्यावर लगेच धडधाकट होत नसतात. तो देवी आणि पटकीचा काळ. ज्या वस्तीत माणसे वीस वर्षे जगतात त्या वस्तीत माणसे मरतातही, हे सांगायला कुणी संशोधक लागत नाही. आणि मेलेला ख्रिस्ती माणूस पुरला जातो. ती मुले नाशिकच्या मातीत मिसळली. आईबापांनी ठेवलेले नाव त्यांच्याकडून हिरावले गेले, गाव गेले, भाषा गेली, शेवटी सहा फूट जमीन तेवढी आपली झाली. त्या जमिनीवर आपण दगड तरी ठेवला का?

मोठ्यांची थडगी शाबूत आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. खुलताबादेत मलिक अंबरचा मकबरा आहे. इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून दख्खनेत आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले, खडकी हे शहर वसवले, जमीनमहसुलाची घडी बसवली आणि १६२६ मध्ये वारला. मुरूडजवळ खोकरीला जंजिऱ्याच्या सिद्दींचे भव्य घुमट आहेत. पर्यटक तिथे फोटो काढतात. पण हे गुलामीतून तख्तापर्यंत पोहोचलेले. जे गुलामच राहिले, ज्यांनी जंजिऱ्याची वल्ही मारली, ज्यांनी नवाबाचे दगड वाहिले, त्यांचा घुमट नाही. माणूस राजा झाला की त्याच्या गुलामीचीही तारीफ होते, आणि गुलाम म्हणूनच मेला की त्याची कबरही नांगराखाली जाते! हा न्याय आमच्या ओळखीचा आहे. सिद्दी बांधव आजही आपल्यात आहेत. कारवार जिल्ह्याच्या हल्याळ, यल्लापूर भागात ते कोकणी आणि मराठी बोलतात. तिथल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये त्यांच्यातले शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेत गेले. आपल्या महाराष्ट्राने मात्र सिद्दी म्हटले की फक्त जंजिऱ्याचा शत्रू एवढेच पाठ केले आहे.

आता जरा बाहेर पाहू. १९९१ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी ब्रॉडवे या रस्त्यावर सरकारी इमारतीचा पाया खणताना माणसांची हाडे निघाली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १७९४ पर्यंत तिथे आफ्रिकी गुलाम पुरले जात होते, सुमारे पंधरा हजार. नंतर त्यावर भराव पडला, रस्ते आले, इमारती आल्या. कंत्राटदाराला हाडे लवकर उपसून काँक्रीट ओतायचे होते. शहरातली काळी जनता रस्त्यावर आली, जागरण केले, महापौर आणि संसद यांच्यापर्यंत लढा नेला आणि १९९२ मध्ये खोदकाम थांबवायला लावले. ४१९ जणांचे अवशेष हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठात गेले, म्हणजे अभ्यासही आपल्याच माणसांच्या हाती घेतला. त्या हाडांनी सांगितले की ओझी वाहून वाहून मानेचे, पाठीचे मणके झिजले होते, आणि त्यांत लहान मुलांचा भरणा फार होता. ऑक्टोबर २००३ मध्ये घाना देशात कोरलेल्या लाकडी पेट्यांत ते सर्व अवशेष पुन्हा सन्मानाने पुरले गेले. २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने आफ्रिकी-अमेरिकी दफनभूमींच्या जतनासाठी कायदाच केला. हे सगळे कुणी दया म्हणून दिलेले नाही, लोकांनी भांडून घेतले.

शरणपूरला अधिक जवळचे उदाहरण सेंट हेलेना बेटाचे. तिथेही ब्रिटिश आरमाराने गलबतांतून सोडवलेले आफ्रिकी उतरवले, सुमारे सत्तावीस हजार, आणि त्यांतले आठेक हजार तिथेच मेले. म्हणजे कागदावर मुक्त आणि प्रत्यक्षात खड्ड्यात. २००८ मध्ये विमानतळाच्या रस्त्यासाठी रुपर्ट्स व्हॅली खणली तेव्हा ३२५ जणांची हाडे निघाली. ती हाडे चौदा वर्षे एका कोठारात पडून होती! ऑगस्ट २०२२ मध्ये ती पुन्हा पुरली गेली. विकासाच्या कामात मेलेल्या गरिबाची पाळी शेवटी येते, हे तिकडेही तसेच.

आमचे काही कार्यकर्ते मित्र आम्हाला विचारतात, साहेब, शिष्यवृत्त्या थकल्या आहेत, वसतिगृहात पोरांना जेवण धड नाही, ॲट्रॉसिटीच्या केसेसमध्ये साक्षीदार फुटतात, आणि तुम्ही कुठे परदेशी लोकांच्या कबरी उकरताय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही आमच्या वकिलीतल्याच एका प्रकरणाने देतो.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावातून तीन माणसे आमच्या कार्यालयात आली. वयस्क, धोतर-टोपीतले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. "जय भीम, वकीलसाहेब. आमची मसणवट गेली," त्यांतले आजोबा म्हणाले. गावाबाहेर ओढ्याकाठी महारांची मसणवट होती. पूर्वी आपल्यात पुरायची चाल होती, हे आमच्या तरुणांना सांगावे लागते. तीन-चार पिढ्या तिथे पुरलेल्या. जमिनीच्या कागदावर मात्र ती गायरान म्हणून, आणि नंतर गायरानातूनही दुसऱ्याच्या नावे फेरफार होऊन गेलेली. शेजारच्याने बांध सरकवत सरकवत आणला आणि एका पावसाळ्यात नांगर फिरवला. तिथे जायची वाट त्याच्याच शेतातून, म्हणून वाटही बंद. मयत झाले तेव्हा या लोकांनी ताडपत्री धरून ओढ्याच्या पाण्यातून तिरडी नेली. आम्ही विचारले, "आजोबा, तिथे मसणवट होती याचा कागद आहे का?" ते आमच्याकडे पाहत राहिले. "कागद नाय साहेब, माझा बाप हाय तिथं."

त्या वाक्यावर आम्ही तहसील कार्यालयात दावा लढवला. कागद नव्हता, दगड नव्हता, नाव नव्हते. पंचांचे जबाब, म्हाताऱ्यांचे जबाब, एवढ्यावर वाट मोकळी करून घेतली. जमिनीचा प्रश्न मात्र आजही भिजत घोंगडे आहे. ज्या जमातीला शतकानुशतके गावच्या मयताचा सांगावा घेऊन ऊन-पावसात दहा गावे पालथी घालावी लागली, गावच्या मढ्यासाठी लाकडे फोडावी लागली आणि बदल्यात मढ्यावरचे कापड घ्यावे लागले, त्या जमातीच्या स्वतःच्या मढ्याला जागेचा पुरावा नाही! आमच्या पणजोबांना जिथे पुरले तिथे आज प्लॉटिंग झाले आहे. तिथे कुणाचा तरी पाण्याचा हौद आहे.

आता सांगा, शरणपूरच्या मुलांचा आणि आमचा संबंध नाही? परमपूज्य बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना दाखवून दिले की गुलामाला निदान मालक तरी सांभाळत असे, कारण तो त्याचा माल होता. अस्पृश्याला मात्र कुणीच वाली नव्हता. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, कारण निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जात त्यांना आपल्या लढ्याची वाट दिसत होती. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव कुठून घेतले हे सर्वांना ठाऊक आहे. आम्ही अमेरिकेतल्या काळ्यांशी नाते जोडले, आणि शरणपूर रोडवरचा काळा मुलगा आम्हाला दिसला नाही!

आणखी एक. भीमा कोरेगावचा स्तंभ उभारला तो ईस्ट इंडिया कंपनीने, स्वतःच्या विजयाची फुशारकी मिरवायला. पण त्यावर नावे कोरली होती आणि त्यांत 'नाक' शेवट असलेली बावीस नावे होती. त्या नावांमुळेच १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले, आणि आज लाखो लोक जातात. साहेबाने नावे कोरली नसती तर आम्हाला आमचे शिपाई सापडले असते का? याउलट वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीपाशी डिसेंबर २०१७ च्या अखेरीस काय झाले आणि त्यानंतर १ जानेवारी २०१८ ला काय पेटले, ते महाराष्ट्राने पाहिले. एका महाराच्या समाधीवरच्या फलकाची एवढी भीती कुणाला का वाटावी? फलक म्हणजे नाव आणि नाव म्हणजे हक्क, म्हणूनच ती भीती वाटते.

कायद्याचे बोलायचे तर आमच्या हाती अगदीच काही नाही असे नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात 'प्राचीन स्मारक' या शब्दाच्या व्याख्येतच दफनाची जागा येते, फक्त ती शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक महत्त्वाची असावी लागते. शरणपूरला दीडशेवर वर्षे झाली. राज्याचाही १९६० चा तसाच कायदा आहे. राज्यघटनेचे कलम ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरवते. दफनभूमीत घुसून विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, पूर्वी तो भादंवि २९७ खाली होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात कलम २१ चा सन्मानाचा हक्क मेलेल्या माणसाच्या देहालाही लागू केला, आणि २००२ मध्ये बेघरांच्या प्रकरणात सन्मानाच्या दफनाची गोष्ट पुन्हा सांगितली. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दफनभूमी किंवा स्मशानभूमी इतरांच्या बरोबरीने वापरू न देणे हा गुन्हा ठरवला, आणि थडगी खणायला लावणे हाही. ही कलमे आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावीत.

पण नुसत्या कलमांवर जाऊ नका, हेही आम्ही वकील म्हणून सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर भागात महरा या अनुसूचित जातीतल्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे प्रेत वीस दिवस शवागारात पडून राहिले, कारण गावाने त्याला गावात पुरू दिले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही आणि शेवटी त्याला गावापासून वीसेक किलोमीटर दूर पुरावे लागले. धर्म बदलला, देश स्वतंत्र झाला, घटना आली, तरी मेलेल्या माणसाची जात गावाच्या वेशीवर उभीच!

शरणपूरच्या बाबतीत केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक हा मार्ग आम्हाला फारसा पसंत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या भोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढे दोनशे मीटर परवानगीचे बंधन येते. शरणपूर भागात गरिबांची, मध्यमवर्गीयांची घरे आहेत, त्यांच्या छपराला ठिगळ लावायलाही दिल्लीकडे अर्ज करावा लागेल, आणि मेलेल्यांच्या नावाने जिवंतांना त्रास नको. शिवाय शरणपूरचे कब्रस्तान हे नाशिकच्या ख्रिस्ती बांधवांचे आहे, त्यांच्या आजच्या मयतांचे आहे. तिथे कुणी पुरातत्त्वाचा कुलूपबंद दरवाजा लावायला नको. ख्रिस्ती समाजाला विचारल्याशिवाय, त्यांना पुढे केल्याशिवाय एक दगडही हलवायचा नाही, ही आमची पहिली अट आहे. हे बाहेरून येऊन उपकार करण्याचे काम नव्हे. त्यापेक्षा महानगरपालिकेने प्रादेशिक नियोजन कायद्याखाली शहराच्या वारसा यादीत शरणपूरची ही आफ्रिकी ओळख लेखी नोंदवावी, कब्रस्तानातल्या जुन्या थडग्यांची मोजणी करावी, नकाशा काढावा, वाचता येतील ती अक्षरे उतरवून घ्यावीत. पावसाने दरवर्षी त्यातली थोडी पुसली जातात.

आणि कागद शोधावेत. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. चर्च मिशनरी सोसायटीचे कागद बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. दोन्ही ठिकाणी माणूस जाऊन वाचू शकतो. २००७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या 'बॉम्बे आफ्रिकन्स'वर प्रदर्शन भरवले होते. लंडनला जे जमले ते नाशिकला जमू नये? परदेशात शिकायला गेलेले आपले कितीतरी मुलगे-मुली आता लंडन, बर्मिंगहॅमला आहेत. समाजाच्या पैशातून, शिष्यवृत्तीतून गेलेले. त्यांनी सुटीच्या दिवसांतले चार दिवस या नोंदवह्यांना द्यावेत, मोबाईलवर फोटो काढून पाठवावेत, वाचायचे काम आम्ही इथे करू.

पैसा नाही ही सबब मात्र कुणी सांगू नये. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी या शहरात कोट्यवधींची कामे हाती घेण्यात आली. याच शहरात काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो सत्याग्रहींनी पाच वर्षे लाठ्या, दगड आणि तुरुंग सोसला. त्या सत्याग्रहाच्या खुणा तरी शहराने किती जपल्या, हा वेगळा प्रश्न. पण एक फलक लावायला, एक सर्वेक्षण करायला कोट्यवधी लागत नाहीत.

त्रिरश्मी लेण्यांच्या सतराव्या लेण्यात एका परक्याचे नाव आहे. उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा यवन, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. त्याने ते लेणे खोदवून भिक्खुसंघाला दिले. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगराने एका परदेशी माणसाचे, त्याच्या बापाचे आणि गावाचे नाव जपून ठेवले, आजही ते वाचता येते. त्या डोंगरापासून शरणपूर गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

आम्ही अर्जाचा मसुदा तयार केला आहे. एक प्रत महापालिका आयुक्तांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाला. सोबत माहितीच्या अधिकाराखाली एक स्वतंत्र अर्ज, शरणपूरच्या जुन्या सिटी सर्व्हेच्या नकाशांच्या प्रतींसाठी. अर्जावर आधी ख्रिस्ती समाजातल्या ज्येष्ठांच्या सह्या असाव्यात म्हणून येत्या रविवारी प्रार्थना संपल्यावर आम्ही त्यांना भेटणार आहोत. वाचकांपैकी ज्यांच्या घरात शरणपूरच्या जुन्या वस्तीचे फोटो, बाप्तिस्म्याचे दाखले, आजी-आजोबांनी सांगितलेल्या आठवणी असतील त्यांनी त्या घेऊन यावे. आणि ज्यांच्या गावची मसणवट कागदावर नाही त्यांनीही यावे, त्या जागेचा गट नंबर आणि साठीच्या पुढच्या दोन माणसांचे जबाब बरोबर आणावेत.